अत्यावश्यक पेटंट ठरवतं कोण?

मोबाइल कंपन्या पेटंटची रॉयल्टी बुडवायला बघतात म्हणून वाद कोर्टात जातात, असं मोबाइल पेटंटांवरच्या एका लेखात म्हटलंय. हे अर्धंच चित्र आहे. ४जी-५जीच्या मानकासाठी, म्हणजे सगळ्या फोनांनी पाळायच्या तांत्रिक नियमांसाठी, आपलं पेटंट अत्यावश्यक आहे, ते वापरल्याशिवाय मानक पाळताच येत नाही, हे युरोपातल्या ‘एत्सी’ या मानक संस्थेकडे पेटंटवाली कंपनी स्वतःच जाहीर करते. ते खरंच तसं आहे का, हे संस्था तपासत नाही. मग फोन बनवणाऱ्यापुढे हजारो पेटंटांची यादी येते आणि पेटंटमधला एकेक दावा मानकाच्या मजकुराशी ताडून बघावा लागतो. छोट्या कंपनीला ते कुठून परवडणार?

त्यात रॉयल्टी मोजायची कशावर? फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या मोडेम चिपच्या किमतीवर की अख्ख्या फोनच्या? कॅमेरा आणि स्क्रीन भारी दिली म्हणून ४जी-५जीच्या पेटंटवाल्याला जास्त पैसे द्यायचे, हे मला अजिबात पटत नाही. मोबाइल चिप बनवणाऱ्या आणि पेटंटचे परवाने देणाऱ्या क्वालकॉम कंपनीच्या परवाना पद्धतीवर अमेरिकेतल्या कोर्टाने २०१९ मध्ये ठपका ठेवला होता, पण २०२० मध्ये अपिलात तो निकाल फिरला.

संशोधनाचा मोबदला मिळायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण बहुतेक करार गुप्तच राहतात. मग आपल्याला लावलेला दर, पेटंटवाल्याने मानक संस्थेला शब्द दिल्याप्रमाणे, ‘वाजवी आणि भेदभावरहित’ आहे, हे परवाना घेणाऱ्याने ओळखायचं कसं?