सफरचंदाला दर महिन्याला मूठभर डीएपी? कृपया नको

महाराष्ट्रात अंगणात आणि गच्चीवर सफरचंद लावणारे वाढले, तसा एक सल्लाही फोनाफोनी फिरू लागला. शब्द थोडे बदलतात, मजकूर तोच असतो. दर महिन्याला मूठभर डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट हे रासायनिक खत) आणि चमचाभर एप्सम सॉल्ट द्या. अंड्याची टरफलं घाला, केळ्याच्या सालींचं पाणी ओता, मुळाशी गंजके खिळे पुरा. पावसाळ्याच्या तोंडावर एक जादा हप्ता द्या, म्हणजे दीड वर्षात झाड फळांनी लगडेल. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आपल्या मातीत झाडाला मागे खेचते, आणि माणसं वर्षानुवर्षं खत घालत फळाची वाट पाहत राहतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात आधी या सल्ल्यामागचं गृहीतक, म्हणजे झाड फळत नाही याचा अर्थ ते उपाशी आहे. आपल्याकडे असं क्वचितच असतं. हिमाचलातल्या रॉयल डेलिशससारख्या जुन्या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालच्या थंडीचे हजारेक तास लागतात. तेवढी थंडी ना पुण्याला मिळते, ना नाशिकला. म्हणून इथे कमी थंडीवर फुलणाऱ्या जातीच लावायच्या. हिमाचलातल्याच बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-९९ ही अशी जात विकसित केली आणि त्यासाठी त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. इस्रायलची ॲना आणि बहामा बेटांवरची डोर्सेट गोल्डन याही अशाच जाती. नर्सरीवाल्याने जातच सांगितली नसेल, किंवा बी रुजवून केलेलं रोप कलम म्हणून दिलं असेल, तर ती उणीव कुठलंही खत भरून काढू शकत नाही. झाडाला दिवसाचं निदान सहा तास ऊन मिळत नसेल तरी तेच. शिवाय पहिली दोन वर्षं आलेली फुलं खुडायची असतात, म्हणजे सांगाडा भक्कम होतो. दीड वर्षात फळ घ्यायची घाईच मुळात चुकीची आहे.

आता डीएपी. त्यात १८ टक्के नत्र (नायट्रोजन) आणि ४६ टक्के स्फुरद (फॉस्फरस) असतं, पालाश (पोटॅश) शून्य. मूठ ५० ग्रॅमची धरली तर वर्षाला ६०० ग्रॅम डीएपी होतं, म्हणजे १०८ ग्रॅम नत्र आणि २७६ ग्रॅम स्फुरद. सोलनजवळच्या नौणी इथल्या डॉ. यशवंतसिंह परमार विद्यापीठाची बागायतदारांसाठीची शिफारस अशी आहे: झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे ७० ग्रॅम नत्र, ३५ ग्रॅम स्फुरद, ७० ग्रॅम पालाश. दहाव्या वर्षी ती ७००, ३५० आणि ७०० ग्रॅमवर थांबते. म्हणजे या सल्ल्याप्रमाणे वर्षाच्या रोपाला आठ वर्षांच्या झाडाइतकं स्फुरद जातं. तेही कित्येकदा कुंडीत, जिथे माती मोजकीच असते.

जादा स्फुरद जमिनीत नुसतं पडून राहत नाही, त्यामुळे मुळांना जस्त आणि लोह घेणं अवघड होतं. आपल्या काळ्या जमिनींत या दोन्हींची उपलब्धता आधीच कमी असते. मग नवी पानं लहान आणि पिवळट येतात, ती बघून माणूस आणखी खत घालतो, आणि दुष्टचक्र सुरू होतं.

नत्राचा त्रास वेगळा आहे आणि फळाच्या दृष्टीने तोच मोठा. सफरचंदाच्या पुढच्या बहराच्या कळ्या आधीच्या हंगामातच, फांदीची लांबण थांबत आली की डोळ्यांत तयार होतात. दर महिन्याला नत्र मिळत राहिलं तर फांदी थांबतच नाही. झाड पाहुण्यांना दाखवावं असं हिरवंगार दिसतं, पण फुलकळ्या धरत नाहीत. कोवळ्या लुसलुशीत शेंड्यांवर मावा येतो तो वेगळाच. ‘झाड इतकं छान वाढलंय, पण फळ नाही’ अशी तक्रार ऐकली की मी पहिला प्रश्न विचारतो, नत्र किती देताय?

एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जादुई गुण त्याच्या नावावर फार चिकटलेत, प्रत्यक्षात ते फक्त मॅग्नेशियम आणि गंधक देतं. दख्खनच्या पठारावरची आपली काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून झालेली आहे. तिच्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असतं. बोअरचं पाणी घालत असाल तर त्यातूनही दोन्ही येतात. वर आणखी मॅग्नेशियम ओतलं तर झाडाला कॅल्शियम कमी मिळू लागतं, कारण मुळांपाशी मॅग्नेशियम, पालाश आणि कॅल्शियम यांची चढाओढ असते. आणि सफरचंदात कॅल्शियमची तूट थेट फळावर दिसते: सालीवर खळगी पडलेले तपकिरी ठिपके आणि खालचा गर कोरडा, कडवट. फळ यावं म्हणून दिलेली गोष्ट अशी फळच नासवते.

मग मॅग्नेशियम कधीच द्यायचं नाही का? द्यायचं, पण पान बघून. जुन्या, खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर कमतरतेची शंका घ्यावी. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंडीत हे खरंच होतं, कारण न धुतलेलं कोकोपीट कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं आणि पालाश सोडतं. अशा वेळी लिटरभर पाण्यात १० ग्रॅम एप्सम सॉल्ट विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा. दर महिन्याचा रतीब लावू नका.

अंड्याची टरफलं जवळजवळ पूर्ण कॅल्शियम कार्बोनेट असतात, म्हणजे चुनखडीच. आपल्या अंगणातल्या मातीत ती आधीच किती आहे हे घरी बघता येतं. सुक्या ढेकळावर थोडं व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर मोकळा चुना भरपूर आहे, आणि अशा मातीत टरफलं वर्षानुवर्षं जशीच्या तशी सापडतात. फळात कॅल्शियम कमी पडतं ते बहुतेकदा मातीत नसतं म्हणून नाही, तर पाण्याबरोबर फळापर्यंत पोचत नाही म्हणून. कधी कोरडं ठाक, कधी चिखल असं पाणी आणि नत्राने बेफाम वाढलेला पाला ही त्याची खरी कारणं. कोकणातली जांभी माती आम्लधर्मी असते, तिथे बारीक कुटलेली टरफलं कंपोस्टमधून गेली तर उपयोगी पडतील. एकच सल्ला रत्नागिरीला आणि सोलापूरला कसा लागू होईल?

केळ्याच्या साली आणि चहाचा चोथा कंपोस्टमध्ये टाका, उत्तम. ओली साल बहुतांश पाणीच असते. ती भिजवलेलं पाणी झाडाला द्यायचं खत नव्हे, त्याने चिलटं मात्र येतात.

गंजक्या खिळ्यांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण मागचं निरीक्षण खरं आहे. आपल्या सफरचंदांची नवी पानं खरोखर पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाच्या कमतरतेची खूण आहे. पण बेसाल्टच्या मातीत लोह रग्गड असतं, सामू (पीएच) ७.५ ते ८.५ असल्यामुळे ते विरघळत नाही एवढंच. गंज म्हणजे लोहाचं न विरघळणारं रूप, तो याच मातीत पुरून काय साधणार? पाणी साचून मुळं गुदमरली की हीच लक्षणं आणखी वाढतात, तेव्हा आधी निचरा बघा. औषध लागलंच तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह, म्हणजे मातीत विरघळलेलंच राहील असं बांधलेलं लोह, जमिनीतून द्या. दुकानात सहज मिळणारं ईडीटीए प्रकारचं लोह चुनखडीच्या मातीत टिकत नाही, ते पानांवर फवारायला ठीक. राखही अशा मातीत घालू नका, तिने सामू आणखी चढतो.

राहिला पावसाळ्याच्या तोंडावरचा हप्ता. ही सवय आंब्यावरून आली आहे, आणि आंब्याला ती शोभते. एचआरएमएन-९९ आपल्याकडे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत फुलते आणि फळ जूनच्या आसपास उतरतं. जूनमध्ये दिलेल्या नत्राचा फळाला काही लाभ नाही, आणि मुसळधार पावसात त्यातलं बरंचसं वाहून, झिरपून जातं. सप्टेंबर ते नोव्हेंबर तर नत्र अजिबात नको. त्या काळात झाडाने वाढ थांबवून विश्रांतीकडे वळावं, अशीच आपली इच्छा असते.

मग द्यायचं काय आणि कधी? नौणीच्या शिफारशीत झाडाच्या वयाच्या दरवर्षामागे १० किलो कुजलेलं शेणखत आहे. ते डिसेंबरात, छाटणीच्या सुमारास द्या. दोन वर्षांच्या झाडाला २० किलो. शेणखतात अर्धा टक्का नत्र धरलं तरी त्यातून १०० ग्रॅम येतं, फक्त ते हळूहळू मोकळं होतं. त्यावर अंगणातल्या दोन वर्षांच्या झाडाला मी शिफारशीच्या निम्मंच नत्र देईन, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम युरिया, दोन भागांत. पहिला भाग फुलं यायच्या दोन-तीन आठवडे आधी, दुसरा त्यानंतर महिन्याभराने. स्फुरद आणि पालाश माती तपासून मगच. काळ्या मातीत पालाश बहुधा पुरेसं असतं. जवळच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या, सामू आणि सेंद्रिय कर्बही कळेल. खत खोडाला चिकटून टाकू नका. अन्न घेणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली असतात, तिथे आळं करून पसरा आणि पाणी द्या. आच्छादनही खोडापासून वीतभर दूर ठेवा, नाहीतर बुंधा सडतो.

कुंडीतल्या झाडाला युरिया नकोच. महिन्याआड दोन मुठी गांडूळखत पुरतं. मातीवर पांढरी पापडी दिसली तर क्षार साठलेत असं समजा आणि खत थांबवून खालच्या भोकांतून भरपूर वाहीपर्यंत साधं पाणी घाला.

आणि खताचं पोतं उघडण्याआधी दरवर्षी टेप घेऊन झाडापाशी जा. मागच्या हंगामात शेंडे किती वाढले ते मोजा. फळ न धरलेल्या लहान झाडाला एक ते दोन फूट वाढ पुरेशी आहे, फळणाऱ्या झाडाला आठ इंच ते दीड फूट. वाढ या दोन आकड्यांच्या दरम्यान असेल तर जेवढं देत होता तेवढंच द्या. कमी असेल तर आधी पाणी, ऊन आणि निचरा तपासा, मग थोडं वाढवा. दोन फुटांच्या वर गेली असेल तर यंदा नत्र पूर्ण बंद ठेवा.