रिकामी डबी, वजन ५०० ग्रॅम

मंगळवारी नाशिकच्या रविवार कारंज्यावर एका सद्गृहस्थांनी माझं हिमयुग कपाळाला लावलं. आज शुक्रवार. राग उतरलेला नाही, म्हणून लिहितो.

मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. गोदावरी जिथे बंगालच्या उपसागराला मिळते, त्यापुढच्या समुद्रतळाचा गाळ गोव्याच्या एका मित्राने धाडला होता. तो धुवायचा, चाळायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकाने त्यातले शंख एकेक करून वेचायचे. शंख म्हणजे फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जिवांची घरं, जेमतेम पाव मिलिमीटरची. पंखा बंद, श्वास बंद. अकरा दिवस. बायको म्हणाली, तांदूळ निवडायला कधी एवढा जीव लावला नाहीस. शेवटी काळ्या पट्टीवर सरकत्या काचेखाली चाळीस शंख जमले, ते कुरियरने यंत्राकडे पाठवायचे होते.

"आत काय?" काउंटरवरचा पोरगा.

"शंख."

"उघडा."

उघडलं. त्याने पट्टी दिव्याखाली धरली. "काहीच नाहीये यात."

"चाळीस आहेत. बारीक, वाळूसारखे."

"वाळूला रॉयल्टीची पावती लागते, सर."

रात्री ट्रॅक्टर भरभरून वाळू जाते तेव्हा ही जागरूकता कुठे झोपलेली असते कोण जाणे. माझ्या अर्ध्या मिलिग्रॅमला पावती!

आणि तेव्हा मागून आवाज आला, "बघू जरा." मागे एक आजोबा. एका हातात न्यू जर्सीच्या मुलासाठी दोन किलो चिवडा. पुडा बांधायच्या आधी चाखून बघत असावेत, कारण बोटं पिवळी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून भिंग काढलं. "उभं आयुष्य नोटांच्या छापखान्यात गेलं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही." वाकले. "अहो, आहेत की! साबुदाणा फुगल्यासारखे. याचं काय करता?"

नको तिथे शिकवायची मास्तरांची खोड. म्हटलं, आजोबा, हा जीव समुद्राच्या वरच्या थरात राहतो आणि पाण्यातल्या कॅल्शियमचं घर बांधतो. बांधताना थोडं मॅग्नेशियम आत घुसतं. पाणी गरम असेल तर जास्त घुसतं, एका अंशाला साधारण नऊ टक्के. मेल्यावर घर तळाशी जातं. वीस हजार वर्षांनी आपण ते मोजायचं आणि सांगायचं, तेव्हा, म्हणजे शेवटच्या हिमयुगात, समुद्र आजच्यापेक्षा दोन-तीन अंश थंड होता.

"म्हणजे थर्मामीटर गिळून मेलेले शंख."

वर्षभर शिकवून एकाही पोराला हे इतकं नेमकं सांगता आलेलं नाही. मी चढलो. म्हटलं, ऑक्सिजनवरूनही कळतं. हॅरॉल्ड युरी या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये हिशेब मांडला होता: पाणी थंड, तर शंखात जड ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचाच जरा वजनदार अणू, जास्त. फक्त हिमयुगात हलका ऑक्सिजन बर्फात अडकून बसतो, समुद्राचं पाणीच जड होतं, मग शंख जड झाला तो थंडीने की बर्फाने, हा घोळ. म्हणून दोन्ही मोजायचं. मागच्या बाई म्हणाल्या, "अहो, रांग."

"कुठला म्हणालात हा समुद्र?"

"गोदावरीच्या मुखापुढचा."

"आपली गंगा?"

आता ही आपली गंगासुद्धा विचित्रच. त्र्यंबकला उगम, कसारा उतरलं की अरबी समुद्र हाकेवर, आणि बाई त्याच्याकडे पाठ करून जवळजवळ दीड हजार किलोमीटर पूर्वेला जाते. जाताना आपल्या सह्याद्रीची काळी माती घेऊन जाते. मी हे आजोबांना सांगितलं. सांगायला नको होतं.

ते काही क्षण गप्प. मग म्हणाले, "रामकुंडात अस्थी टाकल्या की काही तासांत विरघळतात म्हणे. तुमचे शंख वीस हजार वर्षं कसे टिकले?"

प्रश्न बिनतोड होता. म्हटलं, हेही विरघळतात, पण फार खोल गेल्यावर. तिथलं पाणी थंड, दाब प्रचंड, कार्बन डायऑक्साइड जास्त. काही किलोमीटरखाली शंख उरतच नाहीत. म्हणून आम्ही त्याहून उथळ जागेचा गाळ घेतो.

"म्हणजे विरघळतात हे खरं." त्यांनी भिंग खाली केलं. "गेल्या चैत्रात हिच्या सोडल्या."

यावर माणसाने काय बोलायचं? मी पट्टी हातात धरून उभा. तेवढ्यात त्यांनी पिवळं बोट शंखांवर टेकवलं, कपाळाला लावलं आणि डोळे मिटून पुटपुटले. काच सरकवायला मला एका सेकंदाचा उशीर झाला. आजोबांच्या कपाळावर हळद, तेल आणि शेवटचं हिमयुग.

पोराने पावती फाडली. वस्तू: रिकामी डबी. वजन: ५०० ग्रॅम. "त्याखाली स्लॅबच नाही, सर." अर्ध्या मिलिग्रॅमला अर्ध्या किलोचे पैसे, वर शेरा रिकामी. मी डबी परत मागितली. त्याने पैसे परत केले नाहीत.

घरी येऊन मोजले. सव्वीस. हळदीतही मॅग्नेशियम असतं. हे असेच यंत्रात गेले असते तर बंगालचा उपसागर तेव्हा उकळत होता असा शोध माझ्या नावावर लागला असता. मिथेनॉलने हळद निघेलही, पण चौदा शंख कुठून आणू? त्या थराचा गाळ संपलाय. कुंचला मी माझ्या खिशातून घेतलाय, कारण कॉलेजच्या खरेदी नियमात तो 'चित्रकला साहित्य' या सदरात मोडतो आणि आमच्या विभागाला चित्रकला नाही.

निघताना आजोबांनी माझ्या हातावर मूठभर चिवडा ठेवला होता. नाही म्हणता आलं नाही, रिक्षात बसून खाल्ला. दाणे कमी होते.