टोकियोतील ‘फुकटचे’ सुवर्णपदक: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

ऑस्ट्रियाची सायकलपटू आना कीझनहोफर हिच्या टोकियो ऑलिंपिकमधील, महिलांच्या रस्त्यावरील सायकल शर्यतीतल्या विजयावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपला आक्षेप थोडक्यात असा आहे: जिला व्यावसायिक सायकलपटू चक्क विसरून गेल्या, तिने त्यांना ‘हरवले’ असे म्हणण्यात अर्थ नाही, ती म्हणावी तशी हौशीही नव्हती, आणि मुंबई–पुणे शर्यतीत आपण स्वतः उतरत असताना आरंभीच सुटलेला गडी शेवटपर्यंत टिकल्याचे आपण कधी पाहिले नाही, त्यामुळे असे लेख वाचून नवी मुले पहिल्याच टप्प्यात दम घालवून बसतील. यातल्या काही गोष्टींशी मी सहमत आहे, परंतु ‘पदक फुकट मिळाले’ हा आपला निष्कर्ष मला पटत नाही.

हौशीपणाचा मुद्दा आधी संपवतो. कीझनहोफर रविवारी सकाळी फेरफटका मारणारी सायकलस्वार होती, असे कोणीच म्हणत नाही. २०१६ मध्ये फ्रान्समधील आर्देश शर्यतीत माँ व्हाँतूच्या चढावरचा टप्पा तिने जिंकला होता, २०१७ मध्ये लोट्टो सौदाल या व्यावसायिक संघाकडून ती अल्पकाळ खेळली आणि टोकियोला गेली तेव्हा ती टाइम ट्रायलची, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध करायच्या शर्यतीची, ऑस्ट्रियाची राष्ट्रीय विजेती होती. मात्र २०२१ मध्ये तिचा चरितार्थ गणितावर चालत होता. केंब्रिज आणि बार्सिलोना येथे शिकून डॉक्टरेट मिळवलेली ही बाई स्वित्झर्लंडमधील लोझानच्या तंत्रविज्ञान संस्थेत आंशिक विकलक समीकरणांवर संशोधन करीत होती. तिच्यामागे ना संघ होता, ना प्रशिक्षक. सरावाचे वेळापत्रक, आहार, टोकियोच्या उष्म्याची तयारी आणि शर्यतीचा डाव हे सगळे ती स्वतःच ठरवत असे. तिच्या पायांत व्यावसायिकांच्या तोडीची ताकद होती, परंतु वर्षभर घोळक्यात खांद्याला खांदा लावून सायकल चालवण्याचा त्यांचा सराव तिच्याकडे नव्हता आणि घोळक्यात चालवणे आपल्याला आवडत नाही, हे तिने उघडपणे सांगितले आहे. माझ्या मते पुढचे सारे या उणिवेतून निघाले.

२५ जुलै २०२१ रोजी मुसाशिनोनोमोरी पार्कहून निघून फुजी स्पीडवेवर संपणाऱ्या १३७ किलोमीटरच्या त्या शर्यतीत ६७ जणी होत्या आणि एका देशाला जास्तीत जास्त चार खेळाडू उतरवता येत होते. नेदरलँड्सच्या चौघी होत्या: मारियाने फॉस, आना व्हान डर ब्रेखन, आनेमीक व्हान फ्लूटन आणि डेमी फोलरिंग. ऑस्ट्रियाची एकटी कीझनहोफर. झेंडा खाली येताच ती निसटली. तिच्याबरोबर पोलंडची आना प्लिख्ता, इस्राएलची ओमेर शापिरा, दक्षिण आफ्रिकेची कार्ला ओबरहोल्झर आणि नामिबियाची वेरा लोझर अशा चौघी गेल्या. या पाच नावांपैकी एकाही नावाने मागच्या घोळक्याच्या पोटात गोळा येण्यासारखे काही नव्हते आणि अंतर वाढत वाढत दहा मिनिटांच्या वर गेले.

आपण याला अविचारी धाडस म्हणता. तिच्या जागी बसून हिशेब मांडून पाहू. सपाटीवर ताशी ३५–४० किलोमीटरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते आणि दुसऱ्याच्या चाकाला चाक लावून चालणाऱ्याची त्यातली सुमारे पाव ते तृतीयांश मेहनत वाचते. घोळक्यात राहण्याचा फायदा तो हाच. परंतु हा फायदा पदरात पाडून घ्यायचा तर योग्य जागी राहता आले पाहिजे, वळणानंतरचे धक्के सोसता आले पाहिजेत, पुढे कोणी पडले तर वाचता आले पाहिजे आणि अखेरीस स्प्रिंट, म्हणजे रेषेपाशी सर्व ताकदीनिशी शेवटची मुसंडी, मारता आली पाहिजे. कीझनहोफर घोळक्यात थांबली असती, तर या चारही गोष्टींत तिचा निभाव लागणे अवघड होते, आणि तिला पुढे आणून सोडणारी एकही सहकारी नव्हती. त्याउलट तासन्‌तास एकाच लयीत जोर लावत राहणे, म्हणजे टाइम ट्रायल, हे तिचे अंगभूत बळ होते. अशा खेळाडूने आरंभीच सुटणे हाच त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होता. पळून जायचे, हे तिने आधीच ठरवले होते. लोझर आणि ओबरहोल्झर मागे पडल्यावर उरलेल्या दोघींना तिने कुठे सोडले, तेही पाहण्यासारखे आहे. कागोसाका खिंडीच्या चढावर, शेवटाला सुमारे ४१ किलोमीटर उरले असताना, ती एकटी निघाली. चढावर वेग कमी असतो, त्यामुळे मागे चिकटून राहणाऱ्याची बचतही तिथे कमी होते आणि निव्वळ पायांतली ताकद बोलते.

आता मागच्या घोळक्याकडे येऊ, कारण आपला खरा आक्षेप तिथे आहे. ‘डच बायका तिला विसरल्या’ हे खरेच आहे, पण अर्धेच. विसरण्याच्या आधी कित्येक तास त्यांनी तिचा नेटाने पाठलाग केला नाही, आणि तेव्हा दहा मिनिटांचे अंतर काही कोणापासून लपलेले नव्हते. पाठलाग म्हणजे कोणीतरी पुढे येऊन वारा अंगावर घ्यायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या आडोशाने ताकद राखायची. नेदरलँड्सकडे सर्वांत बलाढ्य संघ होता, म्हणून हे काम त्यांनीच करावे असे इतर देशांना वाटणे स्वाभाविक होते. आपण अंतर भरून काढायचे आणि पदक मात्र डच खेळाडूंनी न्यायचे, हा व्यवहार कोणाला परवडणार? आणि डच संघात तरी हे काम कोणी करायचे? फॉस ही २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची विजेती, व्हान डर ब्रेखन २०१६ च्या रिओची, व्हान फ्लूटन २०१९ ची जगज्जेती, आणि फोलरिंग २०२१ मध्येच लिएज–बास्तोन–लिएज ही बेल्जियममधील नामांकित शर्यत जिंकून आलेली. चार राण्या आणि पाणी भरायला कोणी नाही, अशी ती अवस्था होती. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हे ठरेना आणि तोवर मांजर खिंड ओलांडून गेले. इतका भारी संघ जमवणाऱ्यांनी हा घोळ आधी ओळखायला हवा होता, असे मला आजही वाटते.

ऑलिंपिकमध्ये संघाचा रेडिओ वापरता येत नाही. व्यावसायिक शर्यतींत कानात सतत अंतराचे आकडे ऐकण्याची सवय झालेल्या खेळाडूंना तिथे मोटारसायकलवरच्या फलकावर आणि मागच्या गाडीतून मिळणाऱ्या माहितीवर विसंबावे लागते. शेवटच्या काही किलोमीटरांत प्लिख्ता आणि शापिरा घोळक्याच्या हाती लागल्या, तेव्हा पुढे आता कोणी नाही असा समज पसरला. व्हान फ्लूटन सुटली, फुजी स्पीडवेच्या रेषेवर पोहोचली आणि दोन्ही हात उंचावून तिने सुवर्णपदकाचा जल्लोष केला. सव्वा मिनिटापूर्वी तीच रेषा ओलांडून कीझनहोफर धापा टाकत डांबरावर आडवी झाली होती. इटलीची एलिसा लोंगो बोर्गिनी तिसरी आली.

रेडिओ असता तर निकाल वेगळा लागला असता का? लागला असता, अशी दाट शक्यता आहे. फ्रेंच समालोचक रोबेर शापात याच्या नावाने एक ढोबळ नियम सांगितला जातो, की निश्चयाने पाठलाग करणारा घोळका दर १० किलोमीटरला पळालेल्याचे एक मिनिट कापतो. त्या हिशेबाने उरलेली ७५ सेकंदे भरून काढायला आणखी बारा-तेरा किलोमीटरचा नेटाचा पाठलाग पुरला असता. पण रेडिओ नाही, हे शर्यतीआधी सर्वांनाच ठाऊक होते. नियम सर्वांना सारखाच लागू होता आणि त्याचा उपयोग करून घेण्याजोगा डाव एकीनेच मांडला. मागच्यांची चूक तिच्या कामी आली हे मान्य, परंतु ती चूक कामी यावी यासाठी आधी शंभराहून अधिक किलोमीटर वाऱ्याच्या तोंडावर राहावे लागते, आणि ते काही नशिबाने होत नाही. मागे व्हान फ्लूटन त्या दिवशी पडूनही पुन्हा उठून आली होती आणि तीनच दिवसांनी तिने टाइम ट्रायलचे सुवर्ण जिंकले, यावरून पाठलाग करणाऱ्यांचे पाय थकले होते असे कोणी म्हणू शकणार नाही.

राहिला मुंबई–पुणे शर्यतीचा दाखला. बोरघाट संपल्यावर लोणावळ्यापासून पुण्यापर्यंतचा लांबलचक, बराचसा उताराचा आणि सपाटीचा पट्टा घोळक्याच्या सोयीचा आहे, त्यामुळे आपले निरीक्षण मला सहज पटते. नव्या मुलांविषयीची आपली काळजीही रास्त आहे: ज्याला घोळक्यात उत्तम चालवता येते आणि स्प्रिंट आहे, त्याने कीझनहोफरचे अनुकरण करू नये, हे मी मूळ लेखाच्या शेवटी आजच जोडत आहे. एक विनंती मात्र आहे. आपल्या वेळी खोपोलीच्या आधी कोणी सुटला, तर त्याला धरायला पुढे कोण येत असे, रेल्वे किंवा सेनादलाचे खेळाडू की कोणी एकटा-दुकटा, आणि आपली पाळी कोण चुकवत असे, हे आठवून लिहाल का? ते वाचल्याशिवाय आपल्या शर्यतीची टोकियोशी तुलना करणे मला जमणार नाही.