पत्ता कट कसा करावा

संगणकाचा इतिहास लिहायला घेतलाय? छान. आधी जनक मोजून घ्या. अमक्याचा जनक, तमक्याचा जनक. मराठीनं सोय करूनच ठेवली आहे. 'प्रोग्रॅमिंगची जननी' असं एकदा लिहून बघा, पुढचं वाक्य आपोआप आरतीच्या चालीवर जातं. त्यापेक्षा बाई वगळलेली बरी.

हात बसवायला थेट सोव्हिएत युक्रेनमधल्या संगणकशास्त्रज्ञ कातेरिना युश्चेन्को घ्या. १९३७ साली वडील 'जनतेचे शत्रू' ठरले म्हणून या मुलीला कीव्ह विद्यापीठातून काढलं. ती ताश्कंदला जाऊन शिकली, युद्धाच्या काळात कोळशाच्या खाणीवर राबली. पुरुषाच्या चरित्रात एवढ्यावर दोन प्रकरणं होतात. तुम्ही 'जिद्दी' एवढंच लिहा आणि पुढे चला.

पुढे कीव्हजवळच्या फिओफानियात अभियंते लेबेदेव्ह यांनी उभारलेला संगणक लागेल. ६,००० व्हॅक्यूम ट्यूब, खोलीत भट्टीसारखा उकाडा आणि नाव काय, तर 'छोटं इलेक्ट्रॉनिक गणकयंत्र'. त्याच्याशी बोलायचं म्हणजे आकड्यांत. मग १९५५ साली युश्चेन्कोबाईंनी कोरोल्युक यांच्यासोबत 'ॲड्रेस लँग्वेज' ही प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. फोर्ट्रान ही गाजलेली अमेरिकी भाषा यायला अजून दोन वर्षं होती. घाबरू नका. सहकारी पुरुष आहे ना? अर्धं काम झालंच.

खरी पंचाईत त्या भाषेत काय होतं त्याची आहे. चाळीत विचारावं, "जोशी कुठे राहतात?" आणि उत्तर यावं, "देशपांड्यांकडे जा, त्यांच्याकडे पत्ता लिहिलाय." म्हणजे एका पत्त्यावर माणूस नाही, दुसराच पत्ता सापडतो. यालाच आपण पॉइंटर म्हणतो. इंजिनिअरिंगला याच्यापायी किती जणांना केटी लागली ते विचारू नका. (माझी मी सांगणार नाही.) ही सोय बाईंच्या भाषेत होती. पॉइंटर व्हेरिएबल शोधून ते पीएल/वन भाषेत आणल्याबद्दलचा पुरस्कार मात्र २००० साली हॅरल्ड लॉसन यांना मिळाला. त्यांना दोष देऊ नका, त्यांचं काम अस्सलच आहे. दोष कुणालाच न देणं हे या कृतीतलं मीठ आहे.

आता सोव्हिएत समाजवादाचा भाग, तो सोपा. समता सरकारनं जाहीर केलेली असते, तेव्हा मोजायचं कशाला? १९६५ साली ८ मार्चची सुट्टीही देऊन टाकली. फुलं घ्या, घरी जा, स्वयंपाक करा. फेराइटच्या मोहरीएवढ्या कड्यांतून तार ओवून संगणकाची मेमरी विणायचं काम बायकांकडे असे. त्याला तंत्रज्ञान म्हणालात तर फसलात. 'नाजूक बोटं' म्हणा, आणि लोकरीच्या टोपलीत ठेवून द्या.

१९९१ साली सोव्हिएत संघ कोसळल्यावर रीत बदला, निकाल तोच ठेवा. आधी 'आपण सगळे कॉम्रेड, एकट्याचं नाव कशाला' म्हणायचं. आता म्हणायचं, 'बाजारात खपलं नाही ते कशाला सांगायचं'. आयुष्य सरकारी संस्थेत काढलेल्या, पगार थकलेल्या म्हाताऱ्या प्राध्यापिकेला हे पटवावं लागत नाही, तिला रांगेत उभं राहायचं असतं.

पुरस्कारांच्या याद्याही मदतीला आहेत. १९९६ साली अमेरिकेतल्या आयट्रिपलई कॉम्प्युटर सोसायटीनं पूर्व युरोपातल्या प्रवर्तकांना एकगठ्ठा गौरवलं: लेबेदेव्ह, ग्लुश्कोव्ह, ल्यापुनोव्ह आणि आणखी बरेच. यादीत बाई एकही नाही. तुम्ही ती जशीच्या तशी उतरवून घ्या, श्रम वाचतील.

आणि मध्येच एखाद्या रात्री मन खाऊ लागलं, बाईंना निदान चार ओळी कळवाव्यात असं वाटलं, तर तारीख बघा. ऑगस्ट २००१ मध्ये त्या गेल्या. पत्र 'पत्ता सापडत नाही' असा शिक्का घेऊन परत येईल, आणि टपालखर्चही वाया जाईल.