‘प्रवाळ म्हणे!’ : ग्वाडालुपेच्या लेखावरच्या एका प्रतिक्रियेला लांबलचक उत्तर

नमस्कार सह्यवेडा,

प्रतिक्रिया वाचली, आधी थोडी चिडले, मग दोन दिवस ती डोक्यात घोळत राहिली, आणि आता बसून नीट उत्तर लिहितेय. ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: टेक्सासच्या पश्चिम टोकाला ग्वाडालुपे नावाचा पर्वत आहे (इथले लोक शेवटचा ‘ए’ गिळून ग्वाडालूप म्हणतात), त्याच्यावर मी ‘वाळवंटातली प्रवाळभिंत’ असा लेख लिहिला होता. सह्यवेडा यांचं म्हणणं असं की, तिथे प्रवाळ नाहीच, ते सगळं स्पंजांचं (समुद्रतळाला चिकटून राहणारे सच्छिद्र प्राणी) काम आहे आणि बाईंनी गूगल करून शीर्षक ठोकलंय. ‘२६ कोटी वर्षं’ हा आकडा कोणीही फेकू शकतो. टेक्सासमध्ये ‘उष्ण कटिबंधातला उथळ समुद्र’ हे नुसतं काव्य आहे. आणि शेवटी, दुरून डोंगर साजरे, परदेशात गेलं की तिथले दगड पण गोड लागतात.

पहिला मुद्दा. बरोबर आहे तुमचं. चुकलं माझं.

पण कसं चुकलं ते सांगते, कारण गूगलने नाही, मराठीने घात केला. इंग्रजीत ‘रीफ’ हा मुळात खलाशांचा शब्द. पाण्याखाली खडकाची रांग, गलबत आपटलं की संपलं, बस, तो खडक कोणी बांधला याच्याशी खलाशाला काही देणंघेणं नाही. आपण मात्र रीफचं भाषांतर करताना ‘प्रवाळभिंत’, ‘प्रवाळखडक’ असं करून टाकलं, म्हणजे बांधणाऱ्याचं नाव शब्दातच कोरून ठेवलं. मग रीफ दिसलं की हात आपोआप प्रवाळ टाईप करतो. माझं आजोळ मालवणकडचं, मामा अशा खडकांना ‘खडप’ म्हणायचे. तो शब्द खरं म्हणजे जास्त प्रामाणिक आहे. तर आता या उत्तरात मी रीफच म्हणते, प्रवाळ म्हणत नाही.

आणि चूक किती मोठी होती तेही सांगून टाकते, तुम्ही ते लिहिलं नाहीये. आज मालवणच्या समुद्रात किंवा विजयदुर्गपासून साधारण १०० किलोमीटर आत आंग्रिया बँक या पाण्याखालच्या पठारावर जी पोवळी आहेत, त्या घराण्याचे जीवाश्म साधारण २४ कोटी वर्षांपूर्वीपासून मिळायला लागतात. ग्वाडालुपेचं रीफ त्याच्याही आधीचं! तेव्हा समुद्रात प्रवाळ होते, पण ते वेगळ्याच दोन जुन्या घराण्यांतले, आणि ती दोन्ही घराणी पर्मियन नावाचा भूशास्त्रीय काळ संपताना, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास, जवळजवळ सगळ्या समुद्री जीवांसकट साफ झाली. ग्वाडालुपेच्या या रीफमध्ये त्यांचा वाटा अगदी किरकोळ. म्हणजे मी ज्या प्रवाळाचं चित्र वाचकाच्या डोळ्यापुढे उभं केलं, ते तिथे असणं शक्यच नव्हतं.

आता तुमच्या ‘ते स्पंजांचं काम’ याबद्दल. इथे मी थोडी अडून बसणार आहे. स्पंज भरपूर आहेत, वाटेने चढताना खडकाच्या धुतलेल्या पृष्ठभागावर मण्यांच्या माळेसारखे गोल गोल कप्पे दिसतात, ते स्पंजच. पण १९९४ मध्ये भूशास्त्रज्ञ रेचल वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की यातले कितीतरी स्पंज वर उभे वाढलेलेच नाहीत, ते रीफच्या आतल्या कपारींच्या छताला वटवाघळासारखे उलटे लटकलेले आहेत. म्हणजे ते घराचे खांब नव्हते, भाडेकरू होते. छत धरलं होतं ब्रायोझोआंनी (दिसतात शेवाळासारखे, पण वसाहत करून राहणारे बारीक प्राणी) आणि काही पसरट स्पंजांनी. त्यावर शैवालासारख्या जीवांनी थरावर थर लिंपले आणि मग समुद्राच्या पाण्यातूनच चुना बाहेर पडून सगळं घट्ट चिकटलं. त्या चुन्याचं प्रमाण इतकं आहे की गवंड्यापेक्षा सिमेंट जास्त म्हणावं लागेल. तेव्हा तुम्ही मला प्रवाळावरून पकडलंत, मी तुम्हाला स्पंजावरून अर्धं पकडते.

आता २६ कोटी. हा आकडा हवेतला नाही, आणि याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण लेखात मी एका ओळीत उरकलं होतं ते माझंच चुकलं. त्या समुद्रात चुन्याबरोबर अधूनमधून ज्वालामुखीची राखही पडत होती. राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक असतात. झिरकॉन बनताना त्यात थोडं युरेनियम शिरतं पण शिसं जवळपास शिरत नाही, नंतर युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिसं होत जातं, तेव्हा आज दोघांचं प्रमाण मोजलं की स्फटिक कधी बनला ते कळतं. रीफच्या काळाची सुरुवात जिथे धरतात त्याच्या थोडं खालच्या राखेच्या थराचं वय असं निघालंय साधारण २६ कोटी ५० लाख वर्षं. आणि ही जागा इतकी महत्त्वाची आहे की पर्मियनच्या मधल्या भागाचं जगभरचं नावच ‘ग्वाडालुपियन’ आहे, त्याच्या तिन्ही टप्प्यांचे प्रमाण-थर याच डोंगरातल्या नॅशनल पार्कात आहेत. म्हणजे चीनमधल्या संशोधकालासुद्धा आपला थर याच काळातला आहे असं म्हणायचं तर पुरावा या टेकड्यांशी जुळवावा लागतो.

‘उष्ण कटिबंध हे काव्य’ म्हणालात. टेक्सास तेव्हा टेक्सासच्या जागी नव्हतंच ना! सगळे खंड एकत्र चिकटलेले होते आणि हा भाग त्या पँजियाच्या पश्चिम कडेला, विषुववृत्तापासून फार लांब नाही असा. हे कसं कळतं, तर चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जाल तशी खाली झुकत जाते. खडक बनताना त्यातले लोहाचे कण त्या झुकावात थिजतात, तो झुकाव मोजला की अक्षांश निघतो. त्यात भर म्हणजे जाडच्या जाड चुनखडी आणि मागच्या बाजूला मिठागरासारखे थर. एवढी चुनखडी आणि एवढं बाष्पीभवन थंड पाण्यात कुठे होणार?

बरं, ‘उथळ’ या शब्दाबद्दल मात्र थोडं सावध राहायला हवं होतं, हे मी स्वतःहून कबूल करते. मध्ये जे पाणी होतं, ज्याला डेलावेअर समुद्र म्हणतात, ते उथळ नव्हतं, काही शे मीटर खोल होतं. उथळ होती ती फक्त त्याची कड आणि कडेमागचं खाजण. रीफ त्या कडेवर घोड्याच्या नालासारखं सुमारे ६०० किलोमीटर पसरलेलं, आणि त्यातलं बहुतेक आजही जमिनीखाली गाडलेलं आहे.

आणि इथे येतो तो भाग ज्यासाठी मी ह्यूस्टनहून दहा तास गाडी हाकत गेले. मॅकिट्रिक कॅन्यनमध्ये ‘पर्मियन रीफ ट्रेल’ म्हणून वाट आहे. पायथ्यापासून वर साधारण ६०० मीटर चढ, सावली नाही, वारा असा की टोपी दोनदा गेली, नवरा तिसऱ्या वळणावर म्हणाला तू जा पुढे मी इथे बसतो. पण ही वाट चढताना तुम्ही खरोखर समुद्राच्या तळावरून वर येत असता. खाली खोल पाण्यात साचलेले पातळ थर, त्यात वरून घसरून आलेले रीफचे मोठमोठे तुकडे अडकलेले. मग थर तिरपे व्हायला लागतात, हा पाण्याखालचा उतार, त्या काळी होता तसाच तिरपा. मग एकदम थर नाहीसे होतात, नुसता ओबडधोबड भरीव खडक, हे रीफ. आणि वर माथ्यावर पुन्हा आडवे थर सुरू, हे मागचं खाजण, तिथे फ्युजुलिनिड पडलेले असतात, एकपेशीय जीव पण शिजवायच्या आधीच्या गव्हाच्या दाण्याएवढे, अगदी कोणीतरी धान्य सांडल्यासारखे. मी साताऱ्याची. अजिंक्यताऱ्याच्या काळ्या दगडात लहानपणी कधी एक शिंपला सापडला नाही, लाव्हाच तो, सापडणार कुठून. त्यामुळे त्या माथ्यावरून खाली आल्यावर मी काय काय बडबडले ते नवऱ्याला विचारू नका.

आता हे असं जसंच्या तसं राहिलं कसं? नेहमी डोंगर झिजून आकार बदलतो, पण इथे उलट झालंय. बाहेरच्या महासागराशी जोडणारी जी अरुंद वाट होती ती आवळत गेली, आतलं पाणी आटत खारट होत गेलं, रीफ मेलं, आणि त्या खोल भांड्यात जिप्समचे थर साचत साचत ते भरून गेलं. रीफ त्यात पुरलं गेलं. खूप नंतर, गेल्या काही कोटी वर्षांत, जमीन फाटली, एक बाजू वर उचलली गेली, आणि भांड्यातलं मऊ जिप्सम झिजून गेलं पण रीफचा चिवट चुनखडक उभा राहिला. म्हणजे आज हायवेवरून जो कडा दिसतो तो बऱ्याच अंशी त्या रीफचाच जुना चेहरा आहे. ग्वाडालुपे शिखर २६६७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा एक किलोमीटर उंच, आणि ते समुद्रात बनलेल्या चुन्याचं. न्यू मेक्सिकोच्या सीमेवर रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात ते जिप्समचे थर बघायला मिळतात, पांढरा, तपकिरी, पांढरा, तपकिरी, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे, एक जोडी म्हणजे साधारण एक वर्ष असं धरतात, आणि अशा सुमारे २ लाख ६० हजार जोड्या मोजल्या गेल्यात. मोजणाऱ्यांना माझा दंडवत. (कार्ल्सबॅडच्या प्रसिद्ध गुहाही याच रीफमध्ये आहेत, त्यांची गोष्ट गंधकाच्या आम्लाची आहे, त्यावर वेगळा लेख पाहिजे.)

राहिले दुरून डोंगर साजरे. हा टोमणा मला लागला, खोटं कशाला बोलू. पण मग जवळचाच डोंगर घेऊ. मध्य प्रदेशात धारजवळ बाघ आहे, बौद्ध लेण्यांचं बाघ. लेणी ज्या वालुकाश्मात कोरलीयेत त्याच्या वरच्या थरांत चुनखडी आहे, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरला होता त्याची. आपला दख्खनचा लाव्हा नंतर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास, तिच्यावर येऊन बसला. चिराखानला ही चुनखडी उघडी पडलेली दिसते. तिचं पुस्तकातलं जुनं नाव माहितीये? ‘कोरलाइन लाइमस्टोन’. म्हणजे प्रवाळी चुनखडी. आणि ती बनलीये कशाची, तर बहुतेक करून ब्रायोझोआंच्या तुकड्यांची! नाव अजून चालू आहे, भूशास्त्राचे विद्यार्थी परीक्षेत तेच लिहितात. तेव्हा माझी चूक चूकच आहे, पण निदान चांगल्या संगतीत आहे.

शीर्षक बदलून ‘वाळवंटातलं रीफ’ केलंय, खाली दुरुस्तीची तारीख टाकलीये. चौथ्या फोटोखाली मी ‘प्रवाळाचे तुकडे’ लिहिलं होतं ते स्पंज आहेत, तेही बदललं. सातव्या फोटोतलं काय आहे ते मला अजून नक्की जमलं नाहीये, तुम्हाला स्पंज ओळखता येतात असं दिसतंय, तर झूम करून सांगा. आणि चिराखानला कधी गेला असाल तर फोटो पाठवा, इथे तुमच्या टोपणनावाने लावते.