इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं कोसळतं? नाही

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघातानंतर एका आशयाचे मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. शब्द बदलतात, गाभा तोच असतो. विमानाला हवेत इंजिन धरून ठेवतं. इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं आणि पायलटच्या हातात काहीच उरत नाही. बिनइंजिनाचं ग्लायडर हलकं असतं म्हणून तरंगतं, मोठ्या विमानाला ते जमणार नाही. आणि हेलिकॉप्टरला पंखच नाहीत, तेव्हा त्याचं इंजिन गेलं की सगळं संपलं.

हे वाचून विमानात बसायला घाबरणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांची भीती खरी आहे, पण ज्या माहितीवर ती उभी आहे ती चुकीची आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिला मुद्दा, इंजिन विमानाला वर धरून ठेवतं. वर धरून ठेवतात ते पंख. पंख हवेला खाली वळवतात आणि त्याच्या उलट बाजूने हवा पंखाला वर ढकलते, ती लिफ्ट. त्यासाठी पंखावरून हवा पुरेशा वेगाने आणि योग्य कोनात वाहत राहावी लागते. ती इंजिनाने फुंकलेली असावी लागत नाही. इंजिनाचं काम पुढे ढकलण्याचं, म्हणजे हवेचा अडथळा भागवण्याचं. आकडे पाहिले की हे लगेच पटतं. सुमारे ७० टनांचं एअरबस ए३२० उंचावर सरळ उडत असताना दोन्ही इंजिनांचा मिळून जोर साधारण चार टनांच्या आसपास असतो. चार टनांचा जोर ७० टन उचलून धरू शकत नाही.

मग इंजिनं गेली तर तो अडथळा कोण भागवतं? विमानाचं स्वतःचं वजन. पायलट नाक थोडं खाली करतो आणि विमान उतारावर येतं. खंडाळ्याच्या घाटात सायकलचं पॅडल मारणं थांबवलं तरी ती खाली धावतच राहते, तसंच. हा उतार किती सौम्य असतो याची लोकांना कल्पना नसते. आधुनिक प्रवासी विमान एक किलोमीटर उंची खर्चून साधारण १५ ते १८ किलोमीटर पुढे जातं. पुण्याच्या आकाशात ३५,००० फुटांवर दोन्ही इंजिनं बंद पडली, तर वारा फार विरोधात नसताना मुंबईचा रनवे आवाक्यात असतो, आणि तिथे पोचेपर्यंत पायलटच्या हातात पंधरा-वीस मिनिटं असतात.

याच्या जवळपासची गोष्ट तुम्ही प्रत्येक प्रवासात अनुभवता. उतरायला सुरुवात होते तेव्हा इंजिनांचा आवाज एकदम बसतो, कानांना ते जाणवतं. त्या वेळी इंजिनं बहुतेकदा आयडलवर असतात. बंद नसतात, पण जोर जवळजवळ नसतोच. त्या स्थितीत विमान दहा किलोमीटर उंचीवरून शांतपणे खाली येतं आणि बरेच प्रवासी तेव्हा झोपलेले असतात.

दुसरा मुद्दा, इंजिन बंद म्हणजे पायलटच्या हातात काही नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून एडमंटनला निघालं होतं. इंधन मोजताना किलो आणि पौंड यांचा घोळ झाला आणि ४१,००० फुटांवर टाकी रिकामी झाली. एकेक करून दोन्ही इंजिनं थांबली, कॉकपिटमधले बरेचसे पडदे काळे झाले. अशा वेळी विमानाच्या पोटातून एक लहान पंखा बाहेर येतो. समोरच्या वाऱ्याने तो फिरतो आणि कंट्रोल हलवण्यापुरता हायड्रॉलिक दाब तयार करतो. म्हणजे इंजिन गेल्यावरही विमान वळवता येतं. कॅप्टन बॉब पिअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी मॅनिटोबातल्या गिमली इथल्या जुन्या हवाई तळाकडे विमान नेलं. तिथे पोचताना अडचण कोणती आली, तर विमान फार उंचावर होतं! इंजिन नसलेल्या विमानाची उंची मुद्दाम घालवायची होती. त्यांनी रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) एका बाजूला आणि पंख दुसऱ्या बाजूला झुकवून विमान तिरकं सरकवलं. ग्लायडरवाले याला साइडस्लिप म्हणतात आणि तो रोज वापरतात. पुढचं चाक नीट लॉक झालं नव्हतं, त्यामुळे नाक घासत विमान थांबलं. आतले ६९ जण वाचले.

हा एकमेव चमत्कार नाही. २४ ऑगस्ट २००१ ला टोरोंटोहून लिस्बनला जाणारं एअर ट्रान्सॅटचं ए३३० इंधनगळतीमुळे अटलांटिकवर दोन्ही इंजिनं गमावून बसलं. सुमारे १२० किलोमीटर तरंगत ते अझोर्स बेटांवर उतरलं आणि ३०६ जण वाचले. १९८२ मध्ये लंडनहून मुंबईमार्गे ऑकलंडला जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ची चारही इंजिनं इंडोनेशियात ज्वालामुखीच्या राखेने बंद पडली. तरंगत खाली येईपर्यंत जो वेळ मिळाला, त्यात इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि विमान जकार्ताला उतरलं. दगडाला असा वेळ मिळत नाही.

आता उलट बाजू पाहा, ती जास्त महत्त्वाची आहे. रिओहून पॅरिसला निघालेलं एअर फ्रान्सचं उड्डाण ४४७ हे १ जून २००९ ला अटलांटिकमध्ये कोसळलं, २२८ जण गेले. त्याची इंजिनं शेवटपर्यंत चालू होती. वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांमध्ये बर्फ साचला, वेगाचे आकडे चुकीचे दिसू लागले, ऑटोपायलट सुटला आणि गोंधळात नाक वर खेचलेलं राहिलं. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो, तो साधारण पंधरा अंशांच्या आसपास गेला की हवा पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहू शकत नाही आणि लिफ्ट ढासळते. याला स्टॉल म्हणतात. ४४७ चा कोन ३५ अंशांच्याही पुढे गेला होता. सुमारे ३८,००० फुटांवरून ते साडेतीन मिनिटांत समुद्रात पडलं. विमान खरोखर दगडासारखं कसं पडतं, याचं उत्तर या अपघातात आहे, आणि त्याचा इंजिन बंद पडण्याशी संबंध नाही. म्हणूनच अगदी पहिल्या प्रशिक्षणापासून पायलटला शिकवतात की इंजिन गेलं तर आधी नाक खाली, मग बाकीचं.

‘मग अहमदाबादला काय झालं?’ हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि तो रास्त आहे. प्राथमिक तपास अहवालानुसार विमानाने जमीन सोडल्यावर काही सेकंदांतच दोन्ही इंजिनांचे इंधन स्विच एकापाठोपाठ एक बंद स्थितीत गेल्याची नोंद आहे. जमीन सोडल्यापासून साधारण अर्ध्या मिनिटात सगळं संपलं आणि २६० माणसं गेली. ते विमानही दगडासारखं पडलं नाही. व्हिडिओत ते पंख समतल ठेवून, पुढे सरकत खाली येताना दिसतं. पण खर्चायला उंचीच नव्हती. काही शे फुटांवरून प्रवासी विमान फार तर दोन-तीन किलोमीटर जाऊ शकतं, आणि टेकऑफच्या वेळी चाकं आणि फ्लॅप (पंखाच्या कडेच्या झडपा) बाहेर असतात तेव्हा त्याहूनही कमी. पुढे मेडिकल कॉलेजचं वसतिगृह होतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कला पक्षी आदळून ए३२० ची दोन्ही इंजिनं गेली, तेव्हा ते सुमारे २,८०० फुटांवर होतं. तेवढी उंची हडसन नदीपर्यंत पोचायला पुरली आणि १५५ जण वाचले. विमान तेच नियम पाळतं, फक्त हातात उंची किती आहे यावर सगळं ठरतं. हा फरक समजून न घेता त्या दिवशीचे व्हिडिओ भीतीच्या मेसेजला जोडणं गेलेल्या माणसांवर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

तिसरा, ग्लायडर हलकं म्हणून तरंगतं. स्पर्धेतले ग्लायडर पायलट पंखांतल्या टाक्यांमध्ये मुद्दाम पाणी भरतात, वजन वाढवायला! वजन वाढलं की उताराचा कोन तोच राहतो, फक्त त्या उतारावरचा वेग वाढतो. ग्लायडर लांब जातं ते त्याच्या लांब, निमुळत्या पंखांमुळे. चांगलं ग्लायडर एका किलोमीटर उंचीवर ४० ते ६० किलोमीटर जातं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने खेचून वर सोडलेलं ग्लायडर उन्हाने तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा शोधतं आणि त्यात गोल फिरत वर जातं. कामशेतचे पॅराग्लायडरही उठत्या हवेच्याच आधाराने वर राहतात. वजनाचाच प्रश्न असता तर अमेरिकेचं स्पेस शटल कधीच उतरलं नसतं. ते उतरताना ९० टनांच्या आसपास असायचं, इंजिनाचा आधार शून्य, आणि उतारही फार तीव्र. तरी ते ठरलेल्या रनवेवरच टेकायचं.

चौथा मुद्दा हेलिकॉप्टरचा, आणि इथे गैरसमज सर्वांत खोल आहे. हेलिकॉप्टरला पंख नाहीत हेच मुळात चूक. रोटरचं प्रत्येक पातं हा एक पंख आहे. इंजिन थांबलं की मधला फ्रीव्हील क्लच रोटरला इंजिनापासून आपोआप मोकळा करतो. पायलटच्या डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो ताबडतोब खाली दाबायचा, म्हणजे पात्यांचा कोन कमी होतो. लहान हेलिकॉप्टरमध्ये यासाठी एक-दोन सेकंदच मिळतात. आता हेलिकॉप्टर खाली येत असतं आणि खालून वर वाहणारी हवाच रोटरला फिरवत ठेवते. याला ऑटोरोटेशन म्हणतात. जमीन जवळ आली की नाक वर करून पुढचा वेग मारायचा आणि अगदी शेवटी कलेक्टिव्ह वर खेचायचं. फिरत्या रोटरमध्ये साठलेली ऊर्जा त्या एका खेचण्यात खर्च होते आणि मशीन हळू टेकतं. संधी एकच, पण ती असते. नाशिकला लष्कराच्या आर्मी एव्हिएशन या शाखेचे पायलट घडतात, त्यांच्या प्रशिक्षणाचाही हा भाग आहे.

१९२३ मध्ये स्पेनच्या हुआन दे ला सिएर्वा यांनी बनवलेल्या ऑटोजायरोत तर उडताना रोटरला इंजिन जोडलेलंच नव्हतं. इंजिन फक्त पुढे ढकलायचं आणि वाऱ्याने रोटर फिरायचा. आणि २१ जून १९७२ ला फ्रान्सच्या जाँ बूले यांनी लामा हेलिकॉप्टर सुमारे ४०,८०० फुटांवर नेलं, तेव्हा वर इंजिन विझलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. तेवढ्या उंचीवरून ते ऑटोरोटेशनने जमिनीपर्यंत सुखरूप आले. हेच लामा आपल्याकडे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बनवलेलं चीता, जे सियाचीनपर्यंत सैनिकांसाठी जात आलं आहे.

धोका कुठे आहे तेही सांगायला हवं. शंभर-दोनशे फुटांवर एका जागी स्थिर असलेल्या हेलिकॉप्टरकडे उंचीही नसते आणि वेगही नसतो. त्या पट्ट्यातून पायलट शक्य तितक्या लवकर बाहेर पडतात.

तो मेसेज खरा ठरतो एका ठिकाणी, आणि त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. चार पंख्यांचा ड्रोन. त्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नाही, पाती इतकी हलकी की त्यांत ऊर्जा साठत नाही, आणि तोल तर सगळा मोटरींचा वेग कमी-जास्त करूनच सांभाळलेला असतो. बॅटरी गेली की ना तरंगणं, ना ऑटोरोटेशन. तो सरळ पडतो. लग्नाच्या मांडवावर, गणपतीच्या मिरवणुकीत गर्दीच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत असेल तर चालवणाऱ्याला तो बाजूला घ्यायला सांगा.