सुनीता खाली आली ती कोणामुळे?

काल रात्री फोंड्याला कट्ट्यावर मास्तर आणि पायलट जाम भांडले. पायलट म्हणजे आपला पिवळ्या मडगार्डवाला मोटरसायकल पायलट, भाडं घेऊन मागे बसवून माणसं सोडणारा.

मास्तरांचं म्हणणं, कॉम्पिटिशन होती म्हणून माणसं वाचली. 2014 ला नासाने बोइंग आणि स्पेसएक्स दोघांनाही अंतराळवीर स्पेस स्टेशनवर न्यायचं काम दिलं, आणि जून 2024 ला बोइंगच्या स्टारलायनर यानातून सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर वर गेले तर हेलियम गळतंय, थ्रस्टर बंद पडतायत, आठवड्याभराचे नऊ महिने झाले आणि शेवटी मार्च 2025 ला स्पेसएक्सच्या ड्रॅगनने त्यांना खाली आणलं. एकच कंपनी असती तर काय केलं असतं?

पायलट तापला. म्हणाला, मास्तर, कॉम्पिटिशन मला सांगू नका, स्टँडवर नंबर लागतो म्हणून ठीक, सीझनला भाडं पळवायच्या घाईत कोण काय बघतो? परवा एकाच्या मागच्या टायरवर बोट फिरवलं तर नक्षीच नाही, कडेला दोरे बाहेर आलेले, आणि हा पावसात मागे बाईमाणूस बसवून निघाला.

मला पायलटचंच पटलं. ड्रॅगनने आणलं खरं, पण स्टारलायनर रिकामंच उतरवा असं ठरवलं नासाने, बोइंग आमचं यान सेफ आहे म्हणत असताना. ते सप्टेंबरात नीट उतरलं सुद्धा, तरी माझ्या मते निर्णय बरोबरच होता. तिकीट काढून अंतराळात जाणाऱ्या टुरिस्टसाठी असं अडवणारं कोण आहे? अमेरिकेत आत बसणाऱ्यांच्या सेफ्टीचे नियम करायला एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक खात्याला, कायद्यानेच अडवलंय, 2004 पासून मुदत वाढतेय, आता जानेवारी 2028 पर्यंत. अपघात झाला किंवा थोडक्यात टळला तरच त्या गोष्टीपुरता नियम. ऑक्टोबर 2014 ला व्हर्जिन गॅलॅक्टिकचं टुरिस्ट न्यायचं यान स्पेसशिपटू टेस्टमध्ये हवेतच तुटलं, को-पायलट मायकल अल्सबरी गेला. खाली येताना वेग कमी करायला वर वळणाऱ्या शेपटीचं लॉक त्याने थोडं आधी सोडलं होतं, पण चौकशीत निघालं की एका माणसाच्या एका चुकीने यान तुटू शकतं याचा बनवणाऱ्यांनी विचारच केला नव्हता. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

मास्तर म्हणाले, आत्ताच नियम लादले तर नवीन कंपन्या उभ्याच राहणार नाहीत, आणि जाणारा सगळं समजून सही करून जातो ना.

पायलटने विचारलं, सहीच्या कागदावर असतं काय?

मास्तर खोटं बोलणारे नव्हेत. म्हणाले, सरकारने हे यान सेफ म्हणून सर्टिफाय केलेलं नाही, असं कंपनीने लेखी सांगावं लागतं.

"माझ्या मोटरसायकलला पण फिटनेस लागतो, मास्तर," पायलट म्हणाला.